तोंडी म्हणजे तोंडी

३ जुलै
प्राचार्यांचं डोकं फिरलंय! वर्षाराणीला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, हे आख्ख्या आयटीआयला ठाऊक. तरी फिटरची तोंडी परीक्षा तोंडानंच! “तोंडी म्हणजे तोंडी, मॅडम. नियमात हात लिहिलेले नाहीत.” अक्कल तरी कुठं लिहिलीय?

तोंडीत नापास म्हणजे सगळंच नापास. मग चाकणची अप्रेंटिसशिप गेली. तिचे वडील भिमाजी कुरुळीहून आले होते. “पोरगी हातानं समदं दावती की! मग का न्हाई चालत?” लाज वाटली.

५ जुलै
प्राचार्यांशी भांडले. लेखी प्रश्न, हातानं उत्तर, अशी परवानगी मिळाली — “पण फक्त तिच्यापुरती हं. बाकीच्यांचे लाड नकोत!”

लाड म्हणे!

८ जुलै
प्रश्नांच्या चिठ्ठ्या केल्या. मोठ्या ऐटीत पहिली पुढे सरकवली — ‘व्हर्निअरचे अल्पतम मापन विशद करा.’ वर्षाराणी बाईसाहेबांनी वाचलं, नाक मुरडलं, खाली लिहिलं — ‘मराठीत लिहा.’

फाडली चिठ्ठी. आता नुसतं, ‘हे बघ. चूक कुठे?’ आणि शेजारी मुद्दाम ठेवलेलं, मापात चुकणारं जुनं व्हर्निअर. तिनं त्याचे जबडे मिटून उजेडात धरलं, शून्याच्या न जुळणाऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की हे अजून भंगारात का नाही घातलं? बरोबर! जागेवर उडीच मारली मी.

११ जुलै
यंदा परीक्षक नवे — बबनराव. उभी हयात कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या खडखडाटात गेली. भारी कडक आहेत म्हणे. चिठ्ठ्या पुन्हा दोनदा तपासल्या.

१४ जुलै
बबनरावांनी चिठ्ठ्या चाळल्या. एकेक तिच्यापुढे ठेवली. वर्षाराणीनं मोजलं, चूक दाखवली. त्यांनी अंगठा वर केला! मी टूल रूममध्ये जाऊन रडून घेतलं. बाहेर आले तर बाकीच्या पोरांची तोंडी चाललेली. व्हरांड्यापर्यंत बबनरावांचा आवाज — “काय? मोठ्यानं बोल की!”

१५ जुलै
वर्षाराणी पास. बाकी आख्खी बॅच तोंडीत नापास! ओंकार, वर्गातला पहिला, रडकुंडीला आलेला — “मॅडम, सगळं बरोबर सांगितलं. सरांनाच ऐकू येत नाही हो!”

प्राचार्य घाम पुसत आले. “फेरपरीक्षा लावू. मॅडम, तुमच्या त्या चिठ्ठ्या... सगळ्यांना पुरतील?”

पुरतील की. करते सगळ्यांचे लाड.