कडब्यावरची ताडपत्री

गुरुवार, संध्याकाळ. पारोळा.

लेकीचं बाळंतपण उरकून आज पुण्याहून परतले. जाताना ट्रॅक्टर दिराच्या अंगणात नव्या ताडपत्रीखाली झाकून ठेवला होता. पावसाळाभर तो फोनवर सांगायचा, "वहिनी, ट्रॅक्टर कोरडा शे."

आज पाहते तर ट्रॅक्टर उघडाच, गंजलेला, सायलेन्सरमधून इंजिनात पाणी गेलेलं. ताडपत्री त्याच्या कडब्यावर. माझीच ताडपत्री.

विचारलं तर म्हणाला, "लोखंड शे ते. पानीमा काय व्हस त्याले?"

गंज घासून निघेल. पण इतक्या वेळा कोरडा म्हणताना याची जीभ एकदाही अडखळली नाही?

रागाने ताडपत्रीची गाठ सोडली. मग त्याच्या गाई दिसल्या, पुन्हा बांधली. ट्रॅक्टर मात्र शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला साखळी लावून तसाच ओढत घरी आणला. तो दारात उभा राहून बघत होता.