सासूबाईंना निरक्षर ठरवावे म्हणून

प्रति,
मा. प्रौढ शिक्षण अधिकारी,
साक्षरता मोहीम कार्यालय

विषय: सासूबाईंना दिलेले साक्षरतेचे प्रमाणपत्र रद्द करण्याबाबत.
संदर्भ: आमचा प्रभाग शंभर टक्के साक्षर झाल्याची आपली घोषणा.

महोदय,

१. मी पाणी तपासणी प्रयोगशाळेत सहायक आहे. गेल्या वर्षी आपल्या मोहिमेत मी स्वेच्छेने परीक्षक होते. नात्यातल्या माणसाची परीक्षा घेऊ नये, असा नियम होता. पण त्या दिवशी दुसरे परीक्षक आले नाहीत आणि रांगेत शेवटी उरल्या त्या माझ्या सासूबाईच.

२. त्यांनी धडा न अडखळता म्हटला. मात्र पान उलटण्याआधीच पुढच्या पानावरची ओळ त्यांच्या तोंडून आली. धडा वाचलेला नव्हता, ऐकून पाठ झालेला होता. प्रयोगशाळेत असा नमुना मी बाद केला असता. इथे त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी 'उत्तीर्ण' लिहिले. प्रभागाचा आकडा पूर्ण झाला. पुढच्या सोमवारी वर्ग बंद झाला, फळाही नेला.

३. माझे पती परगावी पुलाच्या कामावर वेल्डर होते. आई पास झाल्याचे मीच त्यांना कळवले. एरवी फोनवर भागवणाऱ्या माणसाने त्यानंतर आईला जन्मातले पहिले पत्र लिहिले. पाकिटावर लिहिले होते, 'आईनेच वाचायचे.' पत्र पोचले त्याच आठवड्यात ते कामावर असताना पडून वारले.

४. सासूबाई रोज दुपारी खिडकीपाशी पत्र उघडून बसतात. अक्षर लागत नाही, म्हणून आपले डोळे गेले असे त्यांनी ठरवून टाकले आहे. दोन चष्मे बदलून झाले. नजर चांगली असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले, तर डॉक्टरच कच्चा आहे म्हणाल्या. मी वाचून दाखवते म्हटले की पाकिटावर बोट ठेवतात. तेवढे दोन शब्द मीच त्यांना पहिल्या दिवशी वाचून दाखवले होते.

५. शेवटी मी खरे काय ते सांगितले. भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहत त्या म्हणाल्या, "खाली सही साहेबांची आहे, तुझी नाही. सरकार काय तुझ्या धाकात आहे का?" पाटी घेऊन शिकवायला बसले, तर "झालंय माझं शिकून" म्हणून उठून गेल्या. शेजारच्या प्रभागातल्या वर्गात नाव घालायला गेले, तेव्हा साक्षरांना प्रवेश नाही असे कळले. निरक्षर ठरवून घेण्यासाठी आपल्याकडे छापील अर्ज नाही, म्हणून हा साध्या कागदावर लिहीत आहे.

६. तरी सदर प्रमाणपत्र रद्द करून वर्ग पुन्हा सुरू करावा, ही विनंती. त्यामुळे प्रभाग शंभर टक्क्यांखाली येईल, याची मला कल्पना आहे. चूक परीक्षकाची होती, असे माझ्या नावानिशी लिहावे. 'नापास' हा शब्द कृपया घालू नये. आदेशावर आपलीच सही असावी आणि तो सासूबाईंच्या नावाने पाठवावा. वाचून दाखवायला मी घरी आहे.

चुकीला जबाबदार,
(सही)
परीक्षक व सून
दि. १४ मार्च

सोबत:
१. प्रमाणपत्राची प्रत
२. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला
३. परीक्षेचा कागद, माझ्या अक्षरातील शेऱ्यासह

माझ्या पतीचे पत्र जोडलेले नाही. ते अद्याप कोणीही वाचलेले नाही.