फुटक्या घंटेची तजवीज

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त मुख्याध्यापक, हा कागद पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. पत्नी शेजारच्या खोलीत आहे, पण तिचं दडपण बावन्न वर्षांचं असल्याने वकीलबाईंनी ते धरलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. शिक्षणातल्या बदलांवर हस्तपुस्तिका मात्र अकरा लिहिल्या, त्या सर्व याद्वारे रद्द समजाव्यात.

कलम एक. राहतं घर सामानासह पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. बँकेत असेल ते याच क्रमाने. यात इतर कोणी नाक खुपसू नये.

कलम दोन. पुस्तकं मुलीला. ती चौथीचा वर्ग शिकवते आणि 'परिवर्तन' हा शब्द चुकूनही उच्चारत नाही. त्यामुळे तिच्या हातून काहीतरी बदलेल अशी मला आशा आहे.

कलम तीन. जावई शाळाशाळांतून 'बदलाचं नेतृत्व' या विषयावर प्रशिक्षण देतात. त्यांना माझ्या फायलींची चौदा खोकी आणि 'नवोपक्रमशील नेतृत्व' पुरस्काराची ढाल. त्यांच्या सातव्या स्लाइडवर माझा फोटो असतो, खाली लिहिलेलं असतं, 'घंटामुक्त शाळेचे जनक'. यापुढे ती स्लाइड दाखवण्याआधी त्यांनी पुढचं कलम मोठ्याने वाचावं, ही अट. जीभ वळत नसेल तर खोकी रद्दीत घालावीत.

कलम चार. हे देणं नाही, कबुली आहे. आमच्या शाळेचे शिपाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायचो. मुख्याध्यापक झालो त्याच आठवड्यात मला बदल घडवण्याची घाई झाली. जिन्याखालची पितळी घंटा माझ्या खोलीसमोर हवी, असं मी ठरवलं. मामा म्हणाले, "सर, तो हूक पेलायचा नाही." मी म्हणालो, "मामा, मानसिकता बदला," आणि स्वतःच स्टुलावर चढलो. हूक उपटून आला, घंटा फरशीवर आपटली, तडकली. वाजवून पाहिली तर पातेल्यावरचं झाकण पडल्यासारखा आवाज.

तिसऱ्या दिवशी तपासणी पथक दारात. प्रमुख बाईंनी विचारलं, "घंटा दिसत नाही कुठे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ती आम्ही विचारपूर्वक काढली. मुलांच्या शिकण्याची लय तुटते." बाईंनी चष्मा सारखा केला आणि वही उघडली. झालं! मी एका रात्रीत विचारवंत झालो.

आता घंटेशिवाय शाळा चालवायची कशी, हे माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. ते मामांनी केलं. चपला जिन्यापाशी काढून ते अनवाणी व्हरांड्यातून फिरायचे, खिडकीतून आत बघायचे. मुलं जांभया देत असली की दारात उभं राहून हळूच विचारायचे, "बाई, थांबायचं का आता?" वर्ग रंगात आलेला असला की आवाज न करता पुढे जायचे, आणि ती पाच-सात मिनिटं दुसऱ्या कुठल्या तरी कंटाळलेल्या वर्गातून भरून काढायचे. चौदा वर्षं, रोज आठ वर्ग, आणि मधली सुट्टी एकदाही चुकली नाही.

मी त्यावर चाळीस पानांची हस्तपुस्तिका लिहिली. तिच्यात नऊ आकृत्या आहेत, मामा एकीतही नाहीत. ती वाचून सोळा शाळांनी घंटा काढून टाकल्या. एका शाळेची मुलं दुपार टळून गेली तरी उपाशी बसून राहिली. त्यांचं पत्र आलं, 'आमचं काय चुकतंय?' मी कळवलं, 'आकृती सहा पुन्हा पाहावी.'

पुरस्काराच्या दिवशी मामा कडक इस्त्रीचा गणवेश घालून दुसऱ्या रांगेत बसले होते. मी वीस मिनिटं बोललो. माइकवाल्याचेही आभार मानले. मामांचं नाव घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, यांनी काय केलं? परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "सर, ती घंटा कुठे आहे?" मी म्हणालो, "भंगारात दिली." ते "बरं" म्हणाले. पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि निवृत्त झाल्यावर तेवढंही नाही. या गोष्टीची मला एकवीस वर्षं लाज वाटते आहे.

ते निवृत्त झाले, त्या सोमवारी आठ वर्ग आठ वेळांना बाहेर आले. महिन्याभरात विजेची घंटा बसली. अहवालात शेरा आहे, 'मॉडेलमध्ये टिकाऊपणाचा अभाव.' अभाव एका माणसाचा होता. शेऱ्याखाली सही माझी आहे.

कलम पाच. घंटा भंगारात दिलेली नाही. ती माझ्या पलंगाखाली आहे. पत्नी दर झाडलोटीला विचारते, "ही सवत किती दिवस सांभाळायची?" घंटा मामांना द्यावी.

कलम सहा. माझी शोकसभा होणारच, शिक्षक मंडळी ऐकायची नाहीत. भाषणं कधी थांबवायची, हे मामांनी ठरवावं. जावयांनाही हा नियम लागू.

पुरवणी. वरचं कलम लिहीत असताना मान वर केली, तर मामा दारात उभे. पत्नीने मला न विचारता फोन केला होता. चपला बाहेर काढलेल्या.

"कधी आलात?"

"झाली दहा मिनिटं. तुमचं वाक्य चालू होतं."

वकीलबाईंनी त्यांना कलम चार आणि पाच वाचून दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. दुसरा साक्षीदार मिळायचा होता. मामा म्हणाले, "मी करतो सही." बाई म्हणाल्या, साक्षीदाराने यातलं काही घ्यायचं नसतं, तेव्हा घंटा तरी घ्या नाहीतर सही तरी करा.

"फुटकी घंटा घेऊन मी काय करू?" मामा म्हणाले. "मी तिथे होतो, सर. हे खरं आहे म्हणून सांगणारा माझ्याशिवाय आहे कोण? आणि हुकाचं मी आधीच सांगितलं होतं, तेही नीट लिहिलंत."

सबब कलम पाच बदलून घंटा जावयांना. सातव्या स्लाइडऐवजी त्यांनी ती टेबलावर ठेवावी आणि एकदा वाजवून दाखवावी.

मला आणखी एक परिच्छेद लिहायचा होता, माफीचा. दोनदा सुरू केला, दोनदा खोडला. मामांनी कागदाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सर, थांबायचं का आता?"

थांबतो.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
तारीख: १४ जून, सकाळ

सही: निवृत्त मुख्याध्यापक

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत वरील सही झाली:

साक्षीदार एक: शेजारी. व्यवसाय: दातांचे डॉक्टर.

साक्षीदार दोन: मामा. व्यवसाय: शिपाई. (मी म्हटलं, 'घंटामुक्त शाळेचे जनक' लिहा. ते म्हणाले, रकाना लहान आहे.)