दोन वर्षांत परत येऊ

आई, मागच्या वर्षी मला एक फेलोशिप मिळाली. तू असतीस तर लाटणं तसंच हातात धरून विचारलं असतंस, "म्हणजे नोकरी का?" नोकरी नाही. सामाजिक न्याय आणि लोकसेवेच्या कामात पुढे येणाऱ्या माणसांना वर्षभर शिकवतात, मोठ्या लोकांशी गाठ घालून देतात आणि आपलं काम आपण वाढवायचं. 'उदयोन्मुख नेतृत्व' असा त्यांचा शब्द. चाळिशीला टेकलेल्या बाईला उदयोन्मुख म्हटलेलं वाचून मला हसू आलं होतं, आणि बरंही वाटलं होतं. ते वर्ष आता संपलंय. काय झालं ते तुलाच सांगावंसं वाटतंय, कारण मला ती मिळाली आपल्या इमारतीमुळे, आणि ती इमारत तू सांभाळली होतीस.

लालबागची खोली सोडून आपण भाईंदर पूर्वेला, खारीगावाच्या पुढच्या त्या गल्लीत राहायला आलो तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला एकही पुरुष तयार नव्हता. पाण्यावरून शिव्या सेक्रेटरीलाच खाव्या लागायच्या. तू झालीस. तू फोर्टातल्या ऑफिसातून येतेस, पर्स खुंटीला अडकवतेस, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत स्वयंपाकघराच्या दारात कुणीतरी उभं असतं. वर पाणी चढत नाही. जिन्यातला दिवा गेलाय. तू पोळ्या लाटता लाटता मराठी, हिंदी आणि तुझ्या त्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सगळ्यांशी बोलतेस. एकदा तू आंघोळीला गेली होतीस आणि वरच्या मजल्यावरच्या भाभी पाण्याचं विचारायला आल्या. मी ऐटीत सांगून टाकलं, "हो जाएगा भाभी, मम्मी कर देगी." तू ओल्या केसांनीच बाहेर आलीस आणि माझ्यावर घसरलीस. "पंप जळलाय, माणूस मिळत नाहीये, आणि तू माझ्या वतीने सांगून मोकळी? जे माझ्या हातात नाही त्याचा शब्द माझ्या नावाने द्यायचा नाही." मी रडायला लागले. समोरच्या दारातून बेन आली, तुला गुजरातीत काहीतरी सुनावलं आणि मला तिच्या घरी घेऊन गेली. तिच्याकडे खाखऱ्यावर साजूक तूप लावून मिळायचं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, त्यामुळे तिच्या घरातला सगळा निवांतपणा माझ्या वाट्याला यायचा.

तू गेल्यावर लोकांनी मलाच सेक्रेटरी केलं. कुणी विचारलंसुद्धा नाही. तुझी मुलगी म्हणजे मीच, असं धरूनच चालले. तशी काही वर्षं गेली आणि एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी खाली आली. ज्या कोपऱ्यात मुलं क्रिकेट खेळायची तिथेच. शाळा सुटली नव्हती म्हणून कुणाला लागलं नाही. इंजिनियर आला, त्याने तळमजल्याच्या खांबात साधा स्क्रू-ड्रायव्हर खुपसला आणि आतलं लोखंड बोटांनी चुरून मला दाखवलं. गंजाचा नुसता भुगा. इमारत धोकादायक ठरली आणि रिकामी करायला सांगितली. बिल्डर गच्चीवर मिटिंगला आला, नव्या इमारतीचं चित्र घेऊन. चित्रात झाडं होती. लोकांना ना त्या इंजिनियरवर विश्वास होता ना बिल्डरवर. माझ्यावर होता. मी दारोदार गेले. हा भुगा मी माझ्या हातात घेतलाय, पोरं झोपलेली असताना स्लॅब आला तर काय कराल, असं सांगत गेले. भाभी रडल्या, त्यांच्या नवऱ्याने मला नाही नाही ते ऐकवलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच टेम्पो घेऊन आला.

शेवटी राहिली बेन. ती म्हणाली, "मेरे को इधर ही मरने दे ने बेटा. मेरे को कौन रखेगा?" मी तिच्या पलंगावर बसून तिचे हात धरले. "बेन, दो साल. दो साल में वापस आएंगे, सामने सामने ही घर लेंगे."

"पक्का?"

"मैं बोल रही हूँ ना."

ती उठली आणि देवघरातले देव एकेक करून पदरात घ्यायला लागली. त्या आठवड्यात आख्खी इमारत रिकामी झाली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या आयुष्यात मी काही धडपणे केलं असेल तर ते हेच, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

मग इमारत पाडली. आणि जमीन कुणाची यावरून बिल्डर आणि मूळ मालकाचे वारस कोर्टात गेले. प्लॉटला निळे पत्रे लागले. दोन वर्षं गेली, मग आणखी गेली. लोक आधी रोज फोन करायचे, मग सणाला, मग बंदच झाले. कुणी नालासोपाऱ्याला गेलं, कुणी विरारच्या पुढे, भाभी गावाला परत गेल्या. बेन नायगावला पुतण्याकडे, एका खोलीत. मी पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहते, अकरा महिन्यांच्या करारावर. अकरा महिने झाले की घरमालक येतो आणि भिंतींकडे बघत चहा पितो.

फेलोशिपचं मला कॉलेजच्या मैत्रिणीने सुचवलं. मुलाखतीला पाच जण समोर बसले होते. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही लोकांचं नेतृत्व केलंय असा एखादा प्रसंग सांगा. मी इमारत रिकामी केल्याचं सांगितलं. तो भुगा, टेम्पो, बेनच्या पदरातले देव. त्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. पुढे काय झालं ते मी सांगत होते, पण तोवर त्यांचं ठरलं होतं.

माणसं वाईट नव्हती, आई. हे मला तुला नीट सांगायचंय, नाहीतर तू लगेच त्यांच्यावर रागावशील. कायदा शिकवला, अर्ज कसा करायचा, अधिकाऱ्यासमोर कसं बसायचं ते शिकवलं. छत्तीसगडची एक मुलगी होती, जंगलातल्या गावांसाठी काम करणारी. तिच्याशी माझी फार गट्टी जमली. मला मनापासून वाटत होतं की या वर्षात काहीतरी हलेल. धोकादायक इमारतींतल्या लोकांना घेऊन मी ऑफिसांत गेले. अधिकारी उठून उभे राहायचे, खुर्ची द्यायचे, आणि प्रकरण न्यायालयात आहे असं सांगायचे. पूर्वी हेच ते खुर्ची न देता सांगायचे.

आणि दर शिबिरात आपली गोष्ट सांगायची असायची. त्याचंही शिक्षण होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. मी बेनची गोष्ट इतक्यांदा सांगितली की ती गुळगुळीत झाली. "मेरे को कौन रखेगा" या वाक्यानंतर थांबायचं, हे मला कुणी न सांगता कळायला लागलं. तिथे सगळं सभागृह गप्प व्हायचं.

वर्षाच्या शेवटी मोठा कार्यक्रम होता. प्रत्येकाने आपल्या वस्तीतलं एक माणूस बरोबर आणायचं होतं. मी बेनला बोलवायला नायगावला गेले. खोलीत पुतण्याचा संसार, दोन मुलं, टीव्ही चालू, आणि बेन दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत. खूप लहान झाली होती ती. मला बघून तिचा चेहरा एकदम उजळला, उठायला गेली आणि म्हणाली, "चाबी मिल गई?"

पुतण्याची बायको मला हळूच म्हणाली, "रोज पूछती है."

मी खाली बसले. म्हटलं, नाही बेन, किल्ली नाही मिळाली, अजून केस चालू आहे. मग कार्यक्रमाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बेटा, अपना मकान गिरा था?"

"नहीं बेन. गिराया."

"अपने आप नहीं गिरा."

"नहीं."

"तो शायद खड़ा रहता."

मी लोखंडाच्या भुग्याचं सांगायला लागले. तिने हाताने मला थांबवलं. रागाने नाही, आई. रागावली असती तर मी पाय धरले असते. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू ने तो अच्छा ही सोचा था. जा, तेरा प्रोग्राम कर के आ. मेरे को मत ले जा." आणि सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. चहा पिताना मुलांनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि आम्ही दोघी तिकडे बघत बसलो.

मी एकटीच गेले कार्यक्रमाला. गोष्ट सांगितली. बरोबर त्याच जागी थांबले. सभागृह गप्प झालं, मग टाळ्या वाजल्या, बराच वेळ. छत्तीसगडच्या मुलीने मला मिठी मारली आणि कानात विचारलं, "वो आई नहीं?" मी म्हटलं, तब्येत बरी नाही. ते खोटंही नव्हतं. महिन्याभरात बेन गेली. हॉस्पिटलात तिने पत्ता आपल्याच इमारतीचा सांगितला होता, असं पुतण्या म्हणाला. तिथल्या माणसाने विचारलं, पण हे कुठे आहे? पुतण्याला सांगता आलं नाही.

इमारत पडली असती का, हे मला कधीच कळणार नाही. आई, ती पडायला हवी होती असं मला कधी कधी वाटतं. रिकामी असताना, आपणहून, एखाद्या रविवारी. म्हणजे त्या सगळ्यांना नायगावात, विरारात, गावाला बसून म्हणता आलं असतं, बरं झालं आपण निघालो. एवढं तरी त्यांना मिळालं असतं. आता त्यांच्याकडे माझं एक वाक्य आहे, आणि प्लॉटवर गवत. मी त्या रस्त्याने जातच नाही. भाजीला नया नगरच्या बाजूला जाते.

परवा फेलोशिपवाल्यांचा फोन आला होता. पुढच्या वर्षाच्या लोकांना मी मार्गदर्शन करावं, तुमच्यासारखा अनुभव कुणाकडे आहे, म्हणाले. मी हो म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. नाही म्हणून करणार काय होते?

हे सगळं कुठे पाठवायचं, कुणाला वाचायला द्यायचं? कुणालाच नाही. इथे ओट्यापाशी बसून लिहितेय, बाजूच्या घरात कुणीतरी मिक्सर लावलाय, आणि लिहून झालं की फाडून टाकेन. फक्त एक तेवढं सांगून टाकते. तू गेलीस तेव्हा सगळे म्हणत होते, फार लवकर गेली. मीही तेच म्हणत होते, किती तरी वर्षं. हल्ली मला वाटतं, बरं झालं गेलीस. आपल्या घरात, आपल्या पलंगावर, बेन उशाशी बसलेली असताना. हे मी कुणाजवळ बोललेली नाही.