आठ नंबरची चाल

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय बाईसाहेब,

पत्र पाहून घाबरू नकोस. घर जागेवर आहे, मीही आहे. रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू एका हाताने आईंच्या पाठीशी उशी लावत असतेस, मी गॅसकडे बघत असतो, आणि दोघंही "बाकी ठीक ना?" म्हणून मोकळे होतो. पत्रात तसं सटकता येत नाही म्हणतात. बघू या.

आई वॉकर घेऊन दारापर्यंत गेल्या हे ऐकून फार बरं वाटलं. त्यांना सांग, जावई म्हणतो घाई करू नका, पण लाडावूही नका. तुझ्या पाठीबद्दल मात्र तू अवाक्षर काढत नाहीस. इथे दूध रोज उतू जातं. मी समोर उभा राहून पाहतो, तरी जातं. बाल्कनीतली झाडं जगली आहेत. शेजारच्या काकू माझ्या नकळत पाणी घालतात असा मला दाट संशय आहे.

शाळेतली नवी कीबोर्डची खोली तू पाहिलीच नाहीस. चार ओळींत कीबोर्ड, प्रत्येकाला हेडफोन. मुलं आपापलं वाजवतात आणि फक्त आपलंच ऐकतात. बाहेरून बघणाऱ्याला नुसती पट्ट्यांची टकटक ऐकू येते, टायपिंगच्या क्लाससारखी. माझ्या टेबलावर एक पॅनल आहे. त्यावर नंबरांची बटणं. एक दाबलं की एक नंबरचं वाजवणं माझ्या कानात. माईक सुरू केला की माझा आवाज फक्त त्याच्या कानात. कडेला एक मोठं बटण आहे 'सर्व' म्हणून, ते दाबलं की मी एकदम सगळ्यांच्या कानात. मी कोणाचं ऐकतोय हे मुलांना कळत नाही. सुरुवातीला मला गंमत वाटायची. तीस वर्षं पेटीच्या गोंगाटात शिकवलेल्या माणसाला हे म्हणजे राज्य मिळाल्यासारखंच.

आता कार्यक्रमाच्या चालीबद्दल. शाळेने पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकून तू फोनवर म्हणालीस, "अहो मास्तर, इतकी वर्षं सांगत होते ना, तुमच्या आत एक चाल अडकून बसलीय. आली बघा बाहेर." मग तुला बोलवेना. मी नुसतं "हं" म्हटलं. तू ते आईंना रोज ऐकवतेस म्हणून कानावर घालतो, ती अगदी सगळीच्या सगळी माझी म्हणता येणार नाही. वर्गात एक मुलगी आहे, तिच्या वाजवण्यातून सुचली. थोडीशी मदत झाली म्हण ना. शिक्षकाला मुलांकडून काही ना काही मिळतच असतं. फार मोठी गोष्ट नाही.

गीझर दुरुस्त करून घेतला. तुझी निळी शाल सापडली, कपाटाच्या मागे पडली होती. आईंना नमस्कार.

तुझाच,
मास्तर


रविवार, २ मार्च

प्रिय बाईसाहेब,

तुझं पत्र मिळालं. आईंच्या व्यायामाचं लिहिलंस, डॉक्टरांच्या तिरसटपणाचं लिहिलंस, आणि सगळ्यात खाली, सही झाल्यावर, एवढंच: "थोडीशी म्हणजे किती हो?"

तीस वर्षं संसार केलेल्या बाईला फसवणं म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीत आपलेच डोळे बांधून घेणं. सांगतो.

सगळी. थोडीशी नाही, सगळी चाल तिची आहे.

वर्गात तिला मी नावाने कमी आणि आठ नंबर म्हणूनच जास्त ओळखतो, पॅनलची सवय. तेरा वर्षांची. उत्तर देताना आधी गिळते, मग बोलते. शाळेला पन्नास वर्षं झाल्याच्या कार्यक्रमासाठी मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे नवी चाल मागितली होती. "मास्तर, तुमची हवी हं. उसनी नको," असं चारचौघांत म्हणाल्या. मी हो म्हटलं. घरी येऊन पेटीपुढे बसायचो आणि जुन्याच चालींचे तुकडे हाताखाली यायचे. विहीर कोरडी पडली होती, बाईसाहेब. तू म्हणायचीस अडकून बसलीय, म्हणून मलाही वाटायचं की काहीतरी असेल. काही नव्हतं.

एका तासाला सगळ्यांना धडा देऊन मी एकेक बटण दाबत चाललो होतो. आठ दाबलं. तिचा धडा संपला होता आणि ती भलतंच काहीतरी वाजवत होती. आवाज अगदी बारीक करून. चार ओळींची चाल. पहिल्या तीन अशा, की मी हात पॅनलवरून उचललाच नाही. चौथीला ती दर वेळी वेगळीकडे जायची, थांबायची, परत पहिलीवर यायची. बाकीच्या मुलांना त्या दिवशी मी ऐकलंच नाही.

मी तिला तेव्हाच म्हणायला हवं होतं, "छान आहे गं, कोणाची?" दोन शब्दांचं काम. त्याऐवजी पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला सांगितलं, "आज मोकळा सराव." मुलं खूश झाली. तो मोकळा सराव फक्त आठ नंबरसाठी होता. पॅनलवर रेकॉर्डिंगचं बटण आहे. ते मी दाबलं.

आणि मग जे केलं ते मी तुला कधीच लिहिणार नव्हतो. या पत्रातही वरचं लिहून झाल्यावर उठून चहा करून आलो. पुरेसं रेकॉर्ड झाल्यावर मला भीती वाटायला लागली की ती हे कोणाला तरी ऐकवेल. म्हणून माईक सुरू करून मी तिच्या कानात म्हटलं, "आठ, पुरे झाले ते उद्योग. पुस्तकात आहे तेवढंच वाजव." ती एवढी दचकली की हेडफोन मानेवर घसरला. गिळलं आणि म्हणाली, "सॉरी सर." त्यानंतर तिने ती चाल वर्गात कधी वाजवली नाही. मुलीचं घेतलं आणि वर तिलाच रागावलो.

चौथी ओळ मी घरी जुळवली. सरळ 'सा'वर आणून बसवली, टाळ्या पडतील अशी.

मग 'सर्व' बटण दाबून ती चाल सगळ्या वर्गाच्या कानात वाजवली. म्हटलं, "ही माझी नवी चाल, कार्यक्रमासाठी." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे नाही, पॅनलकडे पाहिलं. खूप वेळ पाहत होती. कुठून गेली ते तिला तिथेच कळलं.

तिला मी साथीचे सूर दिले, मुख्य चाल दिली नाही. तिच्या हातात ती जास्तच शोभली असती ना! कार्यक्रम झाला. टाळ्या झाल्या. पडद्यामागे वायरी गुंडाळताना ती आली.

"सर, शेवटची ओळ तशी नव्हती."

मी म्हटलं, "कुठली ओळ? कशाबद्दल बोलतेस?"

"माझं अजून ठरलंच नव्हतं," ती म्हणाली. माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. "काही नाही, सर."

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू रडत होतीस. आणि मी "हं" म्हटलं.

तुझी ती एक ओळ वाचून दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. खूप शूरवीर होऊन गेलो. तास सुरू झाल्यावर 'सर्व' दाबलं आणि माईकवर सांगून टाकलं: कार्यक्रमातली चाल माझी नव्हती, आठ नंबरची होती, मी तिच्या नकळत ऐकून घेतली. एकाने टाळी वाजवली, ती पुढे गेली नाही. मला वाटलं, सुटलो. खरंच सांगतो, छाती हलकी झाली.

तिने हेडफोन काढून खुंटीला लावला. वर्ग सुटेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली. सगळे गेल्यावर टेबलाशी येऊन उभी राहिली. या वेळी गिळलं नाही.

"सर, मला विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं."

"अगं, पण तुझं नाव सगळ्यांना कळायला नको?"

"दोन्ही वेळा," ती म्हणाली. "दोन्ही वेळा नको म्हटलं असतं. मी ती कोणासाठी नव्हती करत. आता सगळे म्हणतायत, वाजव ना तुझी चाल."

तेव्हा कळलं, बाईसाहेब. पहिल्यांदा माझी अब्रू वाढवायला तिला वापरलं, दुसऱ्यांदा माझं ओझं उतरवायला. आधी विचारलं नाही, नंतरही विचारलं नाही. बटण तेच.

दुसऱ्या दिवशी तिने संगीत सोडून चित्रकला घेतली. मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो, सगळं सांगितलं. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "मास्तर, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कशाला उघडताय? शाळेचं नाव झालं, मुलीचं आपण वेगळं कौतुक करू, तुमचीही निवृत्ती जवळ आलीय." मी म्हटलं, निदान रेकॉर्डिंगवरचं माझं नाव काढा. बरीच कुरकुर करून काढलं. तिचं घालायला निघाल्या, तर या वेळी मी आधी तिला विचारायला गेलो. चित्रकलेच्या वर्गाच्या दाराशी उभं राहून विचारलं. ती म्हणाली, "नको." आता तिथे कोणाचंच नाव नाही.

असं वाटलं की इथे संपलं. पण परवा शाळा सुटल्यावर ती कीबोर्डच्या खोलीपाशी घुटमळत होती. मी खुर्च्या सरळ करत होतो.

"सर, कोणी नसताना वाजवलं तर चालेल?"

"चालेल."

"ते पॅनल..."

मी टेबलाखाली वाकलो आणि आठ नंबरची वायरच उपटली. तिच्या हातात दिली. "आता इथे काही येत नाही. बटण दाबून बघ हवं तर." तिने खरंच दाबून बघितलं. माझा हेडफोन कानाला लावून, माझ्यासमोर. मला त्याचं वाईट वाटायचा अधिकार नाही, तरी वाटलं. मग खोलीची किल्ली तिच्याकडे देऊन मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

बाहेर बाकावर बसलो. आतून नुसती पट्ट्यांची टकटक येत होती. आणि काय सांगू तुला, थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून त्या टकटकीवरून चाल ओळखायचा प्रयत्न करतोय. एवढं सगळं होऊनसुद्धा! स्वतःचीच किळस आली. उठलो आणि जिना उतरून पार मैदानाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो, ती बाहेर पडेपर्यंत. जाताना तिने किल्ली हातात दिली. काय वाजवलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता तुझ्याबद्दल. मुलीला निदान तिची खोली तरी देता आली. तू त्या संध्याकाळी ज्या माणसासाठी रडलीस, तो माणूस मी तुला कुठून आणून देऊ? आईंना ते रेकॉर्डिंग यापुढे ऐकवायचं की नाही, तू ठरव. ऐकवलंस तर एवढंच सांग की तुमच्या जावयाचं नाही. आई विचारतील, मग कोणाचं? सांग, एका मुलीचं, तिला नाव सांगायचं नाही.

फोन मी करणार नाही. तुला करावासा वाटला तर कर, नाही वाटला तरी मी समजेन. इथे येशील तेव्हा पूर्वीसारखीच हाक मारावीस अशी माझी अपेक्षा नाही.

नेहमीप्रमाणे खाली 'तुझाच' लिहायला गेलो आणि पेन थांबलं. ती जागा तुझ्यासाठी मोकळी सोडतो.

मास्तर