उघडे राहिलेले कार्ड

मी, शब्दकोश कार्यालयातून निवृत्त झालेली संपादक, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गोंधळ आहे तो एका शब्दाचा.

१. राहते घर लेकीला. वकिलांनी मसुद्यात कारण घातले: "आईचे करताना लेकीवर डिस्प्रपोर्शनेटली भार पडला." म्हणजे वाट्याला यायला हवा होता त्याहून फार जास्त, आणि तोही अन्यायाने.

मुलाने वाचले. "आई, घर सगळं तिला दे. पण हा शब्द काढ. मी काय हात बांधून बसलो होतो?"

लेक म्हणाली, "घर दादालाच दे गं. शब्द राहू दे. इतक्या वर्षांत 'दमलीस का' असं तरी कोणी विचारलं?"

म्हणजे घर मुलाला आणि शब्द लेकीला दिला, तर लेक राजी. पण मग तोच शब्द तिला पुन्हा लागू होतो. निम्मे-निम्मे केले तरी होतो. सारखे दिले म्हणजे प्रमाणात दिले असे नाही. मुलगा औषधे पाठवी, रोज फोन करी. मला कुशीवर वळवायला मात्र हात लागत, ते तिचे. कशाने काय मापावे, मला कळेनासे झाले आहे.

२. भिंग धाकट्या दिराला. तसेही ते त्याच्याच खिशात असते. निरोपाच्या दिवशी प्रमुख संपादकांनी दिलेले बंद घड्याळ त्यांना परत करावे.

३. शब्दांच्या कार्डांचे कपाट मुलाला. आमच्या कार्यालयात अर्थावर दोघा संपादकांची सही झाल्याशिवाय कार्ड मिटत नसे, उघडेच राही. कलम एकमधल्या त्या शब्दाचे कार्ड वरच्या खणात आहे. 'प्रमाणाबाहेर' लिहिले, त्यात अन्याय येईना. 'अन्यायाने' लिहिले, त्यात माप येईना. दोन्ही खोडले.

४. म्हणून घर लेकीचेच, आणि कलम एकमधले वाक्यही राहील. मुलाला शब्द बोचत असेल, तर त्याने बरा शब्द शोधावा, बहिणीकडे जावे, समोर बसून तिची सही घ्यावी. ती लगेच देणार नाही. चहा त्याने करावा.

सही: आई
साक्षीदार: छापखान्यात खिळे जुळवणारे जुने जुळारी, समोरच्या शिंपीणकाकू
ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळ
दिनांक: ४ मार्च, लेक कामावरून यायच्या आत