उलंगवाडी नावाचं गाव

प्रिय जीवीमावशी,

मिळाला गं, मिळाला! तुझ्या राजलच्या जन्माचा दाखला आज सौंसरच्या ऑफिसात हातात पडला. घरी आले ती चहासुद्धा न ठेवता तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. पण हे पत्र तुझी हीच नात तुमच्या डेऱ्यावर मोठ्याने वाचणार आहे.

तू गेल्याचं तिच्याकडूनच कळलं. उंट आले, मेंढ्या आल्या, सगळे रबारी मेंढपाळ आले, आणि पुढे तू नाहीस! दरवर्षी फाटकातूनच "सुनंदा, छाछ ला!" म्हणून ओरडायचीस. यंदाही मी ताक करून ठेवलं होतं.

राजलला नर्सिंगला जायचंय. तुझी नात लोकांना सुया टोचणार! पण दाखल्याशिवाय फॉर्म भरला जाईना, आणि शाळेच्या कागदावर जन्मगाव काय? उलंगवाडी! तूच सांगितलेलं ना?

ऑफिसातला बाबू यादी चाळून वैतागला. "बाई, मी पुरी लिस्ट पाहून राहिलो, ह्या नावाचं गावच नाही!"

मला आधी हसूच फुटलं. माझे सासरे तुम्हाला निरोप देताना म्हणायचे, "पुढच्या साली उलंगवाडीले या बरं!" म्हणजे कपाशीची वेचणी संपली की या, खतासाठी वावरात मेंढ्या बसवा. आणि तू ते आमच्या गावाचं नाव समजलीस! खरं नाव बोरगाव, ते राहिलं बाजूला. आम्हाला कळलं होतं गं. घरात चेष्टा चालायची. पण तुला कुणी सांगितलं नाही, मीही नाही.

तेवढ्यात राजलने विचारलं, "काकी, दादी झूठ तो नहीं बोलती थी?"

माझं हसू तिथेच गेलं. आमच्या वावरातल्या संत्र्याखाली भर दुपारी ती जन्मली, तेव्हा नाळ तू कापलीस, पाणी मी तापवलं. तेवढंच लिहून दिलं, खाली सही केली. चार चकरा झाल्या, बाबूशी भांडले, पण सोडलं नाही. आता दाखल्यावर बोरगाव आहे. येताना बसमध्ये पोरगी तो छातीशी धरून बसली होती.

मावशी, मला माफ कर. उद्याच आपल्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच, नावाची पाटी लावते, रंगही आणलाय. वेचणी झाल्यावर ते वावर तुमच्याच मेंढ्यांचं, माझा शब्द आहे. आणि कुणी विचारलं, "हे कोणतं गाव?" तर सांगेन, "उलंगवाडी. आमची राजल इथलीच!"

तुझी,
ताकवाली सुनंदा